दुखवट्यातलं वजन

"मग, ख्रिसमस जोरात झाला म्हणायचा!" वेनिसा म्हणाली, आणि मी "हो" म्हटलं.

मी वजनकाट्यावर अनवाणी उभी होते. सकाळचे साडेसहा वाजले होते, तीन राजांचं फेस्त आदल्याच दिवशी आटोपलं होतं आणि मडगावात बोर्ड्यावरच्या त्या पहिल्या मजल्यावरच्या जिममध्ये माझ्यामागे सात-आठ माणसं चपला काढून, आपापल्या पापाचं वजन करून घ्यायला रांगेत उभी होती. वेनिसा तिथली ट्रेनर. एके काळी हॉकी खेळायची, अजूनही माणसांकडे चेंडूकडे बघावं तसं बघते. तिने विचारलं होतं, याआधी कधी वजन केलं होतं? मी खरं ते सांगितलं. ऑक्टोबरात, एकसष्ट. काटा सदुसष्ट दाखवत होता. त्यावरून तिने जो अर्थ काढला तो कुणीही काढला असता. माझ्या अंगावर काळा टी-शर्ट होता, काळी पँट होती, पण जिममध्ये सगळेच काळं घालतात, पोट दिसू नये म्हणून. रस्त्यावर, चर्चमध्ये, मी जिथे काम करते त्या कॉलेजच्या लायब्ररीत, दोन महिने माझं काळं लोकांना दिसत होतं. माझ्याशी बोलताना ते आवाज खाली आणत. इथे ते कुणाला दिसलं नाही. पापा गेले, नोव्हेंबरात, एवढे तीन शब्द मला सांगता आले असते. मी सांगितले नाहीत, कारण ते सांगितले असते तर पुढचा प्रश्न वेनिसाने तोंडाने विचारला नसता तरी तिच्या चेहऱ्यावर आला असता. बाप गेला, घरात दुखवटा, आणि ही बाई सहा किलो कशाने वाढली?

ती मला सायकलीकडे घेऊन गेली. जागेवरच फिरणारी सायकल, समोर आरसा. आरशात सगळे दिसत होते. या माणसांना मी गेली कित्येक वर्षं सहन करत आले आहे, जिममध्ये नाही, गावात. सात जानेवारीला यांना आपलं शरीर आठवतं. सोळा डिसेंबरपासून हे एकमेकांच्या घरी ताटं पोचवत असतात, नारळाचा रस आणि गूळ आणि अंड्यांचे बलक एकमेकांच्या घशात उतरवत असतात, नको नको म्हणत खातात आणि खाऊन झाल्यावर नको नको म्हणतात. मग तीन राजांचं फेस्त झालं की नवे बूट. हे बूट कार्निव्हालपर्यंत टिकतात. कार्निव्हालमध्ये पुन्हा खाणंपिणं, मग चाळीस दिवसांचा उपास, मग ईस्टर. असं वर्षाचं चाक आहे आणि ते या सायकलीसारखंच कुठेही जात नाही. आर्नाल्ड रेबेलो, बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेला, फिरत्या पट्ट्यावर चालत होता आणि शेजारच्या बाईला सांगत होता, "मी यंदा बेबिंकाचा फक्त वास घेतला, हो." ती म्हणाली, "वासाने एवढं पोट? मग बायकोला सांग, खिडकी बंद ठेव." दोघे हसले. मला त्या दोघांचा, त्यांच्या हसण्याचा, आर्नाल्डच्या कोऱ्या पांढऱ्या मोज्यांचा तिरस्कार वाटला, आणि बरं वाटलं. तिरस्कार वाटत असताना दुसरं काही वाटत नाही, हे मला नोव्हेंबरात कळलं होतं.

नोव्हेंबरच्या नऊ तारखेला पापा दुपारचे झोपले ते उठले नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदय; पण हृदयाचं कारण साखर, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. मी सगळं व्यवस्थित केलं. वर्तमानपत्रात चौकट दिली, चर्चमध्ये सात दिवसांची मीस केली, काळे कपडे शिवून घेतले. रडले नाही म्हणून लोकांनी मला खंबीर म्हटलं. मग डिसेंबर आला. आमच्याकडे दुखवट्याच्या घरात नाताळचं गोड करत नाहीत. चांदणीचा कंदील लावत नाहीत, येशूजन्माचा गोठा मांडत नाहीत, तळण नाही, चुलीवर नारळाचा रस आणि गूळ आटवून दोदोल घोटणं नाही. आपल्या घरातून ताट जायचं नसतं. पण यायचं असतं. ज्यांच्याकडे गोड झालं नाही त्यांच्याकडे आपण द्यायचं, असा हा रिवाज आहे, आणि देताना हात जरा सैलच सोडायचा. इतर वर्षी ताटाला ताट जातं, त्यामुळे हिशेबात राहतं. दुखवट्याच्या वर्षी नुसतं येतं. मी एकटी राहते त्या घरात चौदा ताटं आली. क्रोशाच्या रुमालाखाली नेवऱ्या, पेरूचं पेराद, नारळाची बोलिन्यां, बेबिंकाचे थर. प्रत्येक जण ताट देताना दारातच म्हणे, "खा गे बाय, तुझ्या अंगात काही उरलं नाही." आणि रिकामं ताट धुऊन परत न्यायचं, त्यावर काही ठेवायचं नाही. कुणालाही पुढे देता येत नाही. दुखवट्यातून गेलेलं गोड कोण घेणार? फेकणं तर शक्यच नाही. सगळ्यांत जास्त मिठाई मेलेल्याच्या घरी साठते, हे कुणाच्या लक्षात कसं येत नाही?

मी बरीच पुस्तकं वाचली आहेत; कामच ते. पुस्तकांतली दुःखी माणसं जेवत नाहीत. समोरचं ताट तसंच राहतं, गालांची हाडं वर येतात, कपडे सैल होतात आणि दुःख दिसतं. मला भूक लागत होती. पाचला कॉलेजातून आले की मी पर्स न ठेवता स्वयंपाकघरात जायची, उभ्याने, ताटली न घेता, सुरीने कापून खायची. पहिल्या दिवशी एक तुकडा. मग एका बाजूने सरळ कड यावी म्हणून दुसरा. चव घेतली असं म्हणता येणार नाही. तोंड भरलेलं असायचं, एवढंच. आपण पापांच्या वाटणीचं खातो आहोत, असं एकदा मनात आलं आणि मला स्वतःची किळस आली, कारण ते वाक्य छान होतं. मी माझ्या वाटणीचं खात होते, नंतर त्यांच्या वाटणीचं, नंतर कुणाच्याच वाटणीचं नसलेलं. तीन राजांच्या आधी चौदाही ताटं धुऊन परत गेली होती, आणि दोन जानेवारीला रक्त तपासल्यावर पापांचेच डॉक्टर कागदावरून मान वर करून म्हणाले, "झेलिया, तू पण?"

तू पण. नऊ वर्षं मी त्या घरातली साखर राखली होती. आई गेल्यावर पापांना मधुमेह निघाला आणि मी त्यांच्या जगण्याचा ताबा घेतला. नाताळची ताटं आली की मी दारातूनच ती माझ्या खोलीत नेत असे, कपाटात, किल्ली माझ्याकडे. त्यांना बोटाएवढा तुकडा पंचवीस तारखेला, तोही रिपोर्ट बरा असला तर. ते कधी भांडले नाहीत. हेच मला आता पोखरत होतं, खात होतं, जे म्हणायचं ते. भांडले असते तर मी जिंकले असते. ते गेले त्याच्या आदल्या नाताळात रिपोर्ट वाईट होता. जेवण झाल्यावर ते खुर्चीतून म्हणाले, "झेली, एवढासाच. दोदोलचा."

"पापा, रिपोर्ट काय आलाय ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे."

"मग?"

"मग काही नाही."

"पुढच्या नाताळात बघू," मी म्हटलं. लहान मुलाला म्हणावं तसं. त्यांनी मान हलवली, चष्मा पुसला आणि टीव्हीचा आवाज मोठा केला. सत्तरीचा माणूस, एका तुकड्यासाठी मुलीपुढे हात पसरतो आणि नाही म्हटल्यावर हात मागे घेतो. मला तेव्हा त्या आज्ञाधारकपणाचा थोडा राग आला होता. नोव्हेंबरापासून मी त्याच आज्ञाधारकपणापुढे रोज गुडघे टेकत होते. मी त्यांना त्यांच्या शेवटच्या नाताळात एक तुकडा दिला नाही, आणि त्यांनी माझं ऐकलं. हे माझं दुःख होतं. ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं, पण ते माझं होतं, त्याची कड मला पाठ होती.

"सर गे जरा," कुणीतरी म्हणालं. शेजारच्या सायकलीवर मिलाग्रिन आंटी चढत होत्या. आमच्या मागच्या भिंतीला त्यांची भिंत. बासष्ट वर्षांच्या, हिरव्या फुलांचा टी-शर्ट, गळ्यात टॉवेल, आणि पाय पेडलपर्यंत पोचत नव्हते. मला त्या इथे येतील असं वाटलं नव्हतं, आणि येणारच होत्या, दर जानेवारीत येतात. "ही सीट कुणासाठी केलीय, जिराफासाठी?" त्यांनी भोवताली विचारलं. वेनिसा धावत आली, सीट खाली केली, आणि तिथेच उभी राहून तिने माझ्या खांद्यावर थाप मारली.

"आंटी, हिच्याकडून शिका. यंदा सगळ्यांत जोरात ख्रिसमस हिचाच. सहा किलो!"

आंटींचे पाय थांबले. "कुणाचा?"

"झेलियाचा. स्वतःच सांगितलं तिने."

आरशात मला माझा चेहरा दिसत होता आणि त्याच्या बाजूला आंटींचा. त्या काय बोलतील याची मी वाट बघत होते. सगळी जिम ऐकेल, आर्नाल्ड पट्टा थांबवेल, वेनिसा तोंडावर हात नेईल, आवाज खाली येतील, आणि त्या खाली आलेल्या आवाजात सगळे जण मनातल्या मनात माझे सहा किलो मोजतील. आंटी म्हणाल्या, "तू जा बघू. त्या आर्नाल्डची नाडी लोंबतेय, पट्ट्यात अडकली तर फुकट मरेल." वेनिसा गेली. आंटींनी चार फेऱ्या मारल्या. मग माझ्याकडे न बघता हळू म्हणाल्या, "सांगितलं नाहीस तिला?"

"विचारलं नाही तिने."

"तुला काय बाप गेल्याचं सांगायला पत्रिका हवी?"

मी पेडल मारत राहिले. 

"आमचा दोदोल संपला?"

"संपला."

"सगळा?"

"सगळा."

"एकटीनेच?"

मी हो म्हटलं. आता येईल असं वाटलं, जे यायचं ते. पण त्यांनी समाधानाने मान हलवली. "बरं केलंस. कायतानबाब असते तर तुझ्या वाट्याला एवढा आला नसता."

"पापांनी नऊ वर्षांत दोदोल खाल्ला नव्हता, आंटी. बोटाएवढा, नाताळला. बस."

यावर त्या पेडल मारायला लागल्या. जोरात, समोर बघत. त्या वयाच्या बाईने मारू नये इतक्या जोरात. त्यांच्या कानामागे घाम आला होता. मी त्यांच्याकडे बघत राहिले आणि मला कळायला लागलं, कळू नये असं वाटत असताना.

"आंटी."

"गेलेल्या माणसाचं काढू नये."

"काढा."

"जेजू देवा, सायकल तरी करू देशील की नाही?" मग त्या थांबल्या, टॉवेलने तोंड पुसलं आणि टॉवेलच्या आडूनच म्हणाल्या, "शनिवारी यायचे. तुझी स्कूटर कोपऱ्यावरून वळली की आमच्या मागच्या दारात. व्हायोलिन घेऊन. कुणी विचारलं तर लदीनची तयारी. पण विचारणार कोण, गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं."

पापा लदीनला व्हायोलिन वाजवत. कुणाच्या अंगणात, कुठल्या क्रुसापुढे संध्याकाळची प्रार्थना गायची असली की त्यांना बोलावणं येई. एवढी एक गोष्ट मी त्यांना मोकळी सोडली होती, कारण ती भक्ती होती. प्रार्थना झाल्यावर उकडलेले चणे वाटतात. चणे चालतात, मी डॉक्टरांना विचारून घेतलं होतं. व्हायोलिनच्या पेटीत मुंग्या व्हायच्या. तीनदा मी ती पेटी उन्हात ठेवली होती. डिंकाला लागतात, असं पापा म्हणाले आणि मी ज्याने ती दुरुस्त केली त्या माणसाला फोन करून सुनावलं होतं, कसला डिंक वापरता म्हणून. तो बिचारा फोनवर शपथा घेत होता. पापा शेजारी बसून पेपर वाचत होते.

"तुम्हाला त्यांची शुगर ठाऊक होती," मी म्हटलं.

"होती."

"मग तुम्ही दिलंत कसं?"

"मग काय करू? दारात उभ्या असलेल्या माणसाला परत पाठवू? नाही म्हणायला तू होतीस की. ते मुलीचं काम. मी शेजारीण."

"रिपोर्ट का बिघडतो म्हणून मी डॉक्टर बदलला. गोळ्या बदलल्या. रात्रीचा भात बंद केला."

"भाताचं सांगत होते. भात गेल्याचं त्यांना फार लागलं."

मला हसू आलं असावं, कारण समोर आरशात एक जाड बाई दात दाखवत होती. नऊ वर्षं. कपाट, किल्ली, बोटाएवढा तुकडा. मी ज्याच्यापुढे गुडघे टेकत होते तो आज्ञाधारक म्हातारा शनिवारी मागच्या दाराशी बोटं चाटत उभा होता. खोटारडा. आणि ही बाई, ही सगळी गल्ली, दर नाताळला माझ्या हातात ताट देताना मला गंभीर चेहऱ्याने सांगायची, "कायतानबाबला नको हं जास्त देऊ." मला त्या सगळ्यांचा तिरस्कार वाटायला हवा होता आणि वाटत होता, व्यवस्थित, एकेकाचं नाव घेऊन. पण एक प्रश्न मध्ये होता, तो विचारल्याशिवाय मला तिरस्कारही नीट करता येईना.

"त्यांच्या शेवटच्या नाताळात?" मी म्हटलं. "पंचवीसला मी त्यांना नाही म्हटलं होतं."

आंटींनी माझ्याकडे पहिल्यांदा सरळ पाहिलं. त्यांना ते ठाऊक होतं. "आले होते की. संध्याकाळी. तू मावशीकडे गेली होतीस."

"काय म्हणाले?"

"हसत होते. म्हणाले, झेलीने मला वायदा दिलाय, पुढच्या नाताळचा. तोपर्यंत मरायची परवानगी नाही. आमचा मुलगा जुझे म्हणाला, मग बँकेपेक्षा बरा आहे तुमचा वायदा. कायतानबाब इतके हसले की ठसका लागला. पाणी द्यावं लागलं."

"आणि खाल्लं?"

"तीन तुकडे." त्यांनी बोटांनी जाडी दाखवली. ती बोटाएवढी नव्हती. "म्हणाले, तिला सांगू नका. ती मला जगवतेय. राबते बिचारी."

बिचारी. नऊ वर्षं मी त्या घरात पोलीस होते, आणि भिंतीपलीकडे मी बिचारी होते. चष्मा पुसून, टीव्हीचा आवाज मोठा करून बसलेला तो माणूस मी दोन महिने छातीवर वागवत होते. तो त्याच संध्याकाळी उठून मागच्या दाराने गेला होता आणि माझ्यावर एक विनोद करून तीन तुकडे खाऊन आला होता. त्याला माझ्या तुकड्याची गरज नव्हती. मग त्याने तो मागितला कशाला? कदाचित मागून बघायचं असेल. मी कधीतरी हो म्हणते का ते. हा विचार मी तिथेच थांबवला. आरशात आर्नाल्ड पट्ट्यावरून उतरून बाकावर बसला होता आणि मोजे ओढून वर घेत होता, शाळकरी मुलासारखे, आणि त्याचाही मला राग येईना. माझ्याकडे काहीच शिल्लक नव्हतं. जे दुःख मला पाठ होतं ते चुकीच्या माणसाचं निघालं, आणि बरोबर माणूस कोण होता, तो काय खायचा, कुणाच्या ओट्यावर बसून खायचा, कशावर ठसका लागेपर्यंत हसायचा, हे मला माहीत नव्हतं. गल्लीला माहीत होतं.

"राग आला गे?" आंटी म्हणाल्या. "यावाच. माझ्यावर काढ, त्यांच्यावर नको."

"त्यांच्यावरच आलाय."

"बरं मग."

वेनिसाने टाळ्या वाजवल्या. "चला, सायकलवाले खाली! आता चटईवर! आज रडायचं, फेब्रुवारीत मिरवायचं!" माणसं कण्हत उतरायला लागली, कुणीतरी म्हणालं, "मी आत्ताच रडू का?" आंटींनी एक पाय जमिनीला टेकवला. मी त्यांचं मनगट धरलं. ते घामाने निसरडं झालं होतं, मी घट्ट धरलं.

"बसा."

"अगे, ती ओरडेल."

"ओरडू दे. आणखी काय खायचे?"

त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पाय पुन्हा वर घेतला आणि सीटवर नीट मागे सरकून, कुणाच्या तरी बाल्कनीत बसावं तशा बसल्या.

"दोदोल आमच्याकडचा," त्या म्हणाल्या. "पण पेराद नाही. आमचं पेराद त्यांच्या दाताला चिकटायचं. पेराद दुसरीकडे." आणि त्यांनी आमच्या गल्लीतल्या पहिल्या घरापासून सुरुवात केली.